साताऱ्यात लांब पल्ल्याची इलेक्ट्रिक एसयूव्ही: घरची वायरिंग, टक्क्यांचा हिशेब आणि घाट

सहाशे किलोमीटरची गाडी घेतली, आता कसली चिंता, असं म्हणत लोक गाडी घरी आणतात आणि पहिल्याच महिन्यात तीन ठिकाणी अडकतात. गाडी दारात आल्यावर वायरमनला फोन जातो आणि घरचा मीटर एवढा भार पेलणार नाही हे तेव्हा कळतं. पडद्यावर दिसणाऱ्या किलोमीटरवर विसंबून प्रवास ठरतो आणि घाटात तो आकडा झपाट्याने खाली येतो. तिसरी चूक महाबळेश्वर-पाचगणीच्या मुक्कामात होते. रात्रभर चार्जिंग लावून बॅटरी गच्च भरली जाते आणि सकाळी तशीच गाडी घाट उतरू लागते. या सगळ्या चुकांच्या मुळाशी कामाचा चुकलेला क्रम आहे. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

खालचे सगळे हिशेब ७५ युनिट (किलोवॉट-तास) बॅटरीच्या आणि माणसं-सामानासह अडीच टन भरणाऱ्या गाडीचे आहेत. टाटा हॅरियर ईव्हीची मोठी बॅटरी ७५ ची आहे, महिंद्रा एक्सईव्ही ९ई ची ७९ ची. तुमची ५९ किंवा ६५ ची असेल तर टक्के त्या प्रमाणात वाढवून धरा.

## टप्पा १: बुकिंगच्या आधी मीटर आणि पार्किंग बघा

महावितरणचं ताजं बिल हातात घ्या. त्यावर 'मंजूर भार' छापलेला असतो. तिथे २ किंवा ३ किलोवॉट असेल तर ७.२ किलोवॉटचा घरगुती चार्जर त्यावर बसत नाही. एकट्या चार्जरला ३२ अँपिअर लागतात आणि ते सहा-सात तास सलग. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, पाण्याची मोटर अर्ध्या तासात. घरातली दुसरी कोणतीच वस्तू एवढा वेळ एवढा प्रवाह ओढत नाही. दहा वर्षं काही न झालेली वायरिंग पहिल्याच आठवड्यात गरम होते ती याचमुळे.

तीन पर्याय आहेत.

पहिला, १५ अँपिअरचा पॉइंट आणि गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर. हा ताशी सुमारे ३ युनिट देतो. रोज ५०-६० किलोमीटर फिरणाऱ्या घराला एवढं पुरतं, कारण रात्रीच्या आठ तासांत बॅटरीत सुमारे २१ युनिट जातात, म्हणजे २८ टक्के. साताऱ्यातल्या साताऱ्यात गाडी वापरणाऱ्या बऱ्याच कुटुंबांना भिंतीवरच्या मोठ्या चार्जरची गरजच पडत नाही.

दुसरा, सिंगल फेजवर ७.२ किलोवॉट. २० पासून ८० टक्क्यांपर्यंत सुमारे सात तास. आठवड्यातून एकदा तरी पुणे किंवा कोल्हापूर होत असेल तर हा घ्या.

तिसरा, थ्री फेजवर ११ किलोवॉट. हेच काम पाच तासांच्या आत होतं. घरी आधीच थ्री फेज असेल आणि गाडीतला चार्जर ११ किलोवॉट घेणारा असेल तरच याचा उपयोग आहे. ७.२ घेणाऱ्या गाडीला ११ चा चार्जर लावला तरी ती ७.२ च घेते. हे बुकिंगच्या वेळी स्पष्ट विचारा आणि लेखी घ्या. चार्जर गाडीच्या किमतीत आहे की वेगळा, हेही तेव्हाच.

वाढीव भारासाठी अर्ज करताना ग्राहक क्रमांक आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट तयार ठेवा. गाडीची डिलिव्हरी ठरण्याआधी अर्ज गेलेला असावा.

वीजबिलाचा अंदाजही आत्ताच घ्या. महिन्याला १२०० किलोमीटर म्हणजे चार्जिंगमधली गळती धरून साधारण २४० युनिट. घरचा वापर १५० युनिटचा असेल तर बिल ३९० वर जातं, म्हणजे १०१ ते ३०० चा टप्पा ओलांडून पुढच्या, महागड्या टप्प्यात शिरतं. त्यामुळे जुन्या बिलाचा सरासरी दर धरून केलेला हिशेब नेहमी कमी निघतो. चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेता येते. दोन्हींचे दर आणि स्थिर आकार शेजारी मांडा आणि मग ठरवा.

इशारा: शेतातल्या घरी कृषिपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका. मंजूर कारणाशिवाय दुसऱ्या कामाला वीज वापरणं वीज कायद्याच्या कलम १२६ खाली येतं. शिवाय पंप सुरू असताना ओळीच्या टोकाला व्होल्टेज १८०-१९० वर येतं आणि चार्जर मध्येच थांबतो.

पार्किंगमध्ये दोन गोष्टी मोजा. एक, गाडीचं चार्जिंगचं झाकण कोणत्या बाजूला आहे आणि गाडी आत तोंड करून लावली तर केबल तिथपर्यंत पोचते का. केबल बहुधा पाचेक मीटरची असते आणि ताणून लावलेली गन (केबलच्या टोकाचा, गाडीत खुपसायचा प्लग) काही महिन्यांत सॉकेट ढिलं करते. दुसरी, अपार्टमेंटमध्ये एकावर एक गाड्या ठेवणारं यांत्रिक पार्किंग असेल तर त्याची वजनमर्यादा. या गाड्या रिकाम्याच दोन टनांच्या आसपास असतात.

बूट (डिकी) उघडून स्टेपनी आहे का तेही बघा. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत फक्त पंक्चर किट आणि हवा भरायचा पंप असतो. कास किंवा बामणोलीच्या रस्त्यावर टायरची बाजू फाटली तर किट काही कामाचं नाही. स्टेपनी वेगळी घेतली तर ती बुटात किती जागा खाते आणि मग चौघांच्या बॅगा बसतात का, हे शोरूममध्येच बॅगा ठेवून बघा.

## टप्पा २: वायरिंग आणि अर्थिंग

या टप्प्यावर घाई केली की पुढे सगळीकडे त्रास होतो. वायरमन चांगला असला तरी त्याच्यासमोर उभं राहून पुढच्या गोष्टी करून घ्या.

वेगळी लाइन. मीटरच्या मुख्य स्विचपासून चार्जरपर्यंत स्वतंत्र लाइन ओढा. मध्ये जोड नको, दुसरा पॉइंट नको. ७.२ किलोवॉटसाठी ६ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर हे किमान. अंतर ३० मीटर असेल तर या वायरीत पूर्ण भारावर सुमारे ६ व्होल्ट पडतात, ते चालतं. त्याहून लांब असेल किंवा गल्लीत मुळातच व्होल्टेज कमी असेल तर १० ची वायर घ्या. १५ अँपिअरच्या पॉइंटला ४ ची वायर घाला. २.५ ची चालते असं सांगितलं जातं, पण रोज आठ तास चालणाऱ्या भाराला ती काठावरची आहे.

एमसीबी (भार जादा झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). ७.२ च्या चार्जरला ४० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी. साधा एसी टाइपचा आरसीसीबी स्वस्त मिळतो, तो घेऊ नका. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो. टाइप ए सोबत, चार्जरमध्ये ६ मिलीअँपिअर डीसी गळती ओळखणारी सोय आहे याची खात्री करा. नसेल तर टाइप बी लागतो.

मुख्य स्विच. जुन्या पेठांतल्या घरांत आणि वाड्यांत मीटरखाली अजून किटकॅट फ्यूज आहेत. चिनीमातीचा फ्यूज आणि त्यात हाताने गुंडाळलेली तार, यावर ३२ अँपिअर सहा तास चालवायचे नाहीत. तो आधी बदलून घ्या.

अर्थिंग. चार्जर सुरू न होण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. साताऱ्याच्या बऱ्याच भागांत मातीच्या खाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. असा खड्डा पावसाळ्यात छान चालतो आणि एप्रिल-मेमध्ये कोरडा पडला की चार्जरवर लाल दिवा लागतो. अडीच-तीन मीटरचा पाइप, कोळसा-मीठ किंवा तयार केमिकल, वर झाकण आणि पाणी ओतायला नळकांडं असा खड्डा करून घ्या. अर्थ टेस्टर लावून रोध ५ ओहमच्या आत आहे हे स्वतः वाचा. एका खड्ड्याने भागत नसेल तर किमान तीन मीटर अंतरावर दुसरा खड्डा करून दोन्ही जोडा. फेब्रुवारीपासून आठवड्याला एक बादली पाणी त्या नळकांड्यात ओता.

इशारा, आणि हा सर्वांत महत्त्वाचा: चार्जर 'अर्थ फॉल्ट' दाखवतो म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देण्याचा जुगाड सर्रास केला जातो. लाल दिवा जातो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. पण पुढे कधी खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात थेट करंट येतो. ओल्या फरशीवर उभं राहून दार उघडणाऱ्या मुलाचा विचार करा आणि असं जोडलेलं असेल तर आजच्या आज काढून घ्या.

१५ अँपिअरचा पॉइंट असेल तर भिंतीतलं साधं सॉकेट नको. पत्र्याच्या पेटीतलं, स्वतःचा एमसीबी असलेलं इंडस्ट्रियल सॉकेट बसवा. पोर्टेबल चार्जरचा डबा वायरीला लटकत ठेवू नका. त्याच्या वजनाने प्लग खाली ओढला जातो, संपर्क अर्धवट राहतो आणि तिथेच प्लास्टिक वितळतं. डब्याला भिंतीत हूक द्या. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नाही. इन्व्हर्टरच्या लाइनवरही नाही.

तपासणी: पहिलं चार्जिंग

चार्जिंग दिवसा, सगळे घरी असताना सुरू करा. मल्टिमीटरने चार्जिंग चालू असताना तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टपर्यंत. तिथे दहा-पंधरा दिसत असेल तर अर्थिंग कच्चं आहे किंवा न्यूट्रल ढिला आहे, चार्जिंग थांबवा.

तासाभराने प्लग, एमसीबी आणि मुख्य स्विच हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर बंद.

मग एमसीबी पाडा, दोन मिनिटांनी चढवा. चार्जिंग आपोआप पुन्हा सुरू झालं पाहिजे. काही चार्जरना वीज गेल्यावर ॲपमधून परत चालू करावं लागतं. रात्री दोन वाजता वीज जाऊन आली आणि गाडी सकाळी ४० टक्क्यांवरच सापडली, ही तक्रार जवळपास नेहमी इथूनच येते.

एक महिन्याने मेन बंद करून वायरमनकडून सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या. रोज गरम-गार होऊन ते सैल होतात. आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबा.

## टप्पा ३: रोज किती भरायचं

आता येणाऱ्या बहुतेक कुटुंबाच्या एसयूव्हींत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी असते. ती टिकाऊ आहे, पण ती किती भरली आहे हे गाडीला नीट कळत नाही, कारण मधल्या टप्प्यात तिचं व्होल्टेज फारसं बदलतच नाही. म्हणून रोज ८० टक्क्यांवर थांबवलं तरी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने तिला पूर्ण १०० पर्यंत भरा आणि गन लगेच काढू नका. १०० दाखवल्यावरही काही वेळ ती आतल्या सेलचं संतुलन करत असते. दोन-दोन महिने ८० च्या वर न नेलेल्या गाडीत २२ टक्के दाखवता दाखवता एकदम १४ होतात, आणि हे नेमकं लांबच्या प्रवासात होतं.

१०० वर नेलेली गाडी दोन-तीन दिवस उन्हात तशीच उभी ठेवू नका. आठवडाभर गावाला जाणार असाल तर ५०-६० टक्क्यांवर ठेवून जा आणि उभी असताना कॅमेरे चालू ठेवणारी पहारा सोय बंद करा.

छतावर सोलर असेल तर चार्जिंग दिवसाच लावा. ३ किलोवॉटची यंत्रणा चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास देते, म्हणजे रोजचे ५०-६० किलोमीटर. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणारा) बसला असेल तर कोणत्या तासांना सवलत आहे ते बिलावर बघून गाडीतलं वेळापत्रक त्याप्रमाणे लावा.

## टप्पा ४: आपल्या गाडीचा आकडा काढा

कंपनीचा ६०० च्या पुढचा आकडा चाचणीकेंद्रातला आहे. पडद्यावरचा आकडा तुम्ही गेल्या काही किलोमीटरांत कशी चालवली त्यावरून काढलेला आहे. राजवाडा ते पोवई नाका दोन दिवस हळू चालवली की तो फुगतो, महामार्गावर अर्ध्या तासात उतरतो. प्रवासासाठी दोन्ही निरुपयोगी. हिशेब टक्क्यांत करा.

पहिल्या महिन्यात एकदा, बिनघाईच्या दिवशी, हे करा:

टायरची हवा थंड असताना दारावरच्या पट्टीवर दिलेल्या 'पूर्ण भार' आकड्याइतकी भरा. ट्रिप मीटर शून्य करा. घरची सगळी माणसं आणि नेहमीचं सामान घेऊन, गाडीतला एसी चालू ठेवून, साताऱ्याहून कराडला जा आणि परत या. सुमारे १०० किलोमीटर होतात आणि त्या पट्ट्यात मोठा घाट नाही. वेग ९०-९५ वर धरा. परत आल्यावर किती टक्के गेले ते लिहा.

७५ च्या बॅटरीत बहुधा २३ ते २६ टक्के जातात, म्हणजे टक्क्याला चार किलोमीटर. हा पहिला आकडा पाठ करा.

दुसरा आकडा चढाचा. अडीच टन वजन १०० मीटर उंच उचलायला ०.६८ युनिट लागतात, मोटर आणि गिअरमधली गळती धरली की पाऊण युनिट. ७५ च्या बॅटरीचा एक टक्काही पाऊण युनिटच. म्हणून दर १०० मीटर चढाला एक टक्का जादा. उतारावर यातलं निम्म्याहून थोडं अधिक परत मिळतं, सगळं नाही.

वेग वाढवला तर पहिला आकडा बिघडतो. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. द्रुतगती मार्गावर १०० धरणार असाल तर टक्क्याला साडेतीन किलोमीटर धरा. छतावर कॅरिअर आणि त्यावर बॅगा असतील तर त्याहूनही कमी.

## टप्पा ५: प्रवास कागदावर मांडा

सूत्र साधं आहे: अंतर भागिले चार, अधिक चढाचे टक्के, अधिक १५ टक्के राखीव. तळाचे १५ टक्के कधीही हिशेबात धरू नका.

पुणे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. जाणं-येणं २३० किलोमीटर, शहरात ३०. एकूण ६५ टक्के. पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा मिळतो, येताना घाट चढावा लागू शकतो. त्याचे दोन-तीन टक्के धरा. ९० टक्क्यांवर निघालात तर वीसेक टक्के शिल्लक ठेवून घरी येता. वाटेत चार्जिंगसाठी थांबण्याचं काही कारण नाही. तरी लोक खेड शिवापूरच्या आसपास धास्तीने थांबतात आणि पाऊण तास घालवतात.

महाबळेश्वर, वाई-पाचगणी मार्गे. ६५ किलोमीटरचे १६ टक्के, सातारा ते महाबळेश्वर उंचीचा फरक सुमारे ६५० मीटर म्हणून साडेसहा. जाताना २३, येताना १२-१३. पसरणी घाटात टक्के भराभर पडताना बघून घाबरू नका, ते हिशेबातलेच आहेत.

मुंबई. दादरपर्यंत सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे ६५ टक्के. १०० वर निघून ३५ वर पोचता. परतीला ६५, बोरघाट आणि पुढच्या चढांसह घाटमाथ्यावर यायचे ७, राखीव १५, मिळून ८७ हवेत. म्हणजे मुंबईत ५० टक्क्यांहून जास्त भरावे लागणार. नातेवाइकांच्या सोसायटीत रात्रभर ७.२ चा चार्जर मिळत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर मुंबईत डीसी चार्जरवर (सार्वजनिक जलद चार्जर) ८० पर्यंत भरा आणि परतीत चहाच्या थांब्यावर पंधरा मिनिटं लावा. हा थांबा आधी ठरवलेला असू द्या, १८ टक्क्यांवर आल्यावर शोधायला लागू नका.

गुहागर, पाटण-कोयनानगर-कुंभार्ली घाट मार्गे. अंदाजे १७५ किलोमीटर, ४४ टक्के. उतारामुळे थोडे वाचतात, ते धरू नका. ५६ वर पोचता. परतीला ४४ आणि समुद्रसपाटीपासून घाटमाथ्याचे ७, राखीव १५, म्हणजे ६६. कमी पडतात फक्त १० आणि तिथलं फिरणं. मुक्कामाच्या घरी १५ अँपिअरचा पॉइंट आणि आठ तास मिळाले की २८ टक्के येतात. एवढ्यासाठी चिपळूणमध्ये डीसी चार्जर शोधत बसायची गरज नाही. मात्र मुक्काम ठरवतानाच यजमानांना विचारा: पॉइंट गाडीपासून किती लांब आहे, अर्थिंग आहे का, आणि विजेचे पैसे वेगळे किती द्यायचे. आपणहून विचारलेलं त्यांनाही बरं वाटतं.

तपासणी: प्रत्येक मोठ्या प्रवासाच्या कागदावर तीन ठिकाणं आणि तिथे दिसायला हवे असलेले टक्के लिहा. पुण्याला निघाला असाल तर आनेवाडी टोलनाका, खेड शिवापूर टोलनाका आणि कात्रजचा बोगदा. लिहिलेल्यापेक्षा तीन टक्के कमी दिसले की वेग ८५ वर आणा. तेवढ्याने बहुतेक वेळा हिशेब जागेवर येतो.

## टप्पा ६: आदल्या रात्री

चार्जिंग निघण्याच्या तासभर आधी १०० वर पोचेल अशी वेळ लावा. निघण्याआधी दहा मिनिटं, गन लावलेलीच असताना, गाडीतला एसी चालू करा. तापलेली गाडी गार करण्याचा खर्च घरच्या विजेवर जातो, बॅटरीवर नाही.

किमान तीन कंपन्यांची चार्जिंग ॲप फोनमध्ये नोंदणीसह तयार ठेवा आणि प्रत्येकात थोडे पैसे भरून ठेवा. चार्जरपाशी उभं राहून, रेंज नसताना ओटीपीची वाट बघणं हा वेळ वाया घालवण्याचा सगळ्यात वाईट प्रकार आहे. ॲपमध्ये चार्जर 'उपलब्ध' दिसतो तेवढ्यावर जाऊ नका. तिथे आज किंवा काल कोणी यशस्वी चार्जिंग केलं आहे का, ते बघा. आणि ठरवलेल्या प्रत्येक थांब्याच्या पुढे २०-२५ किलोमीटरवर एक पर्यायी थांबा लिहून ठेवा.

पोर्टेबल चार्जर गाडीत आहे ना, ते बघा. तो भिंतीच्या हुकाला राहतो आणि गुहागरला गेल्यावर आठवतो.

## टप्पा ७: डीसी चार्जरवर

आधी यंत्रावरचा आकडा वाचा. '६० किलोवॉट' आणि दोन गन असतील तर दोन्ही गाड्या लागल्यावर बहुधा प्रत्येकी ३० च मिळतात. २० ते ८० टक्के म्हणजे ४५ युनिट. एकट्याला ६० मिळाले तर पाऊण ते एक तास, ३० वर दीड तासाच्या पुढे. १२० किलोवॉटच्या यंत्रावर, गाडी तेवढं घेत असेल तर, अर्ध्या तासाच्या आसपास. शेजारचा यंत्रसंच मोकळा असेल तर दुसऱ्या गाडीच्या जोडीला जाऊन बसू नका.

क्रम असा ठेवा: गाडी पार्कमध्ये आणि बंद. गन हाताने आधार देत सरळ, शेवटपर्यंत आत ढकला. केबल जड असते, तिच्या वजनाने गन खाली झुकली की संपर्क होत नाही आणि 'कनेक्शन एरर' येतो. सुरू होईपर्यंत गन वरच्या बाजूला किंचित उचलून धरली की निम्म्या वेळा काम होतं. मग ॲपमधून सुरू करा. पडद्यावर किलोवॉट दिसू लागल्यावर दोन मिनिटं तिथेच थांबा. बंद पडायचंच असेल तर बहुधा याच दोन मिनिटांत पडतं.

यंत्र पूर्ण मृत दिसत असेल तर लाल आपत्कालीन बटण बघा. कोणीतरी दाबून ठेवलेलं असतं. बाणाच्या दिशेने फिरवलं की ते वर येतं. फिरवण्याआधी यंत्राला, केबलला काही जळाल्याच्या खुणा नाहीत ना, ते बघून घ्या.

गन निघत नसेल तर ओढाओढ करू नका. ॲपमधून चार्जिंग संपवा, गाडी किल्लीने एकदा लॉक करून अनलॉक करा, मग काढा. तरी अडकली तर गाडीत हाताने सोडवायची दोरी किंवा कळ असते. ती कुठे आहे हे पुस्तिकेत घरीच बघून ठेवा.

८० च्या पुढे वेग घसरतो. शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ४० इतका वेळ जाऊ शकतो, म्हणून ८० ला गन काढा आणि गाडी हलवा. मागे रांगेत कोणाची तरी लहान मुलं कंटाळून बसलेली असतात.

## टप्पा ८: घाट उतरताना

बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उतारावर मोटर ब्रेकसारखी वापरता येत नाही, कारण तयार होणारी वीज ठेवायला जागाच नसते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर नेहमी मंदावणारी गाडी अचानक मोकळी धावते, चालक दचकतो आणि अडीच टनांचा सगळा भार ब्रेकवर येतो.

महाबळेश्वरहून पाचगणीमार्गे उतरत असाल तर पहिल्या वीस किलोमीटरमध्ये चार-पाच टक्के खर्च होतात, पसरणी घाटापर्यंत थोडी जागा होते. पण पाचगणीतच मुक्काम असेल तर घाट लगेच सुरू होतो. महाबळेश्वरहून केळघर घाटाने मेढ्याकडे किंवा आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे जाणार असाल तरी तेच. अशा वेळी हॉटेलवर चार्जिंगची मर्यादा ९० वर लावा. आंबेनळीसाठी ८५, कारण तिथे उतार तेराशे मीटरच्या आसपास आहे.

उतरण्याआधी रीजन (मोटरने गाडी मंदावून वीज परत बॅटरीत घालणारी सोय) सर्वांत जास्त पातळीवर ठेवा आणि पहिल्या वळणाआधीच, सरळ रस्त्यावर, ॲक्सिलरेटर सोडून गाडी किती मंदावते ते अनुभवा. मंदावत नसेल तर वेग आधीच कमी ठेवा. धुकं असताना आपोआप वेग धरणारी सोय बंद.

मागे बसलेल्यांना मळमळ होत असेल तर कारण बऱ्याचदा रीजनच असतं. पाय झटकन उचलू नका, हळूहळू सोडा.

## टप्पा ९: पावसाळा आणि पूर

पावसात चार्जिंग चालतं. गन आणि गाडीचं सॉकेट त्यासाठीच बनवलेलं असतं. धोका दुसऱ्या टोकाला आहे. भिंतीवरचं सॉकेट आणि पोर्टेबल चार्जरचा डबा कोरड्या, छताखालच्या जागी हवा. गनच्या तोंडात पाणी दिसलं तर झटकून, कोरडं करून मगच लावा.

सांगलीत किंवा कृष्णाकाठच्या गावांत घर असेल तर चार्जरची उंची २०१९ आणि २०२१ च्या पुराची भिंतीवरची खूण बघून ठरवा, त्याच्या वर. एमसीबीची पेटीही तितकीच वर. पाणी वाढण्याची सूचना आली की आधी बॅटरी ७०-८० पर्यंत भरा, मग गाडी उंचावर हलवा. पुरात सर्वांत आधी वीज जाते.

पाण्यात बुडून गेलेली गाडी, वरून कोरडी दिसली तरी, चार्जिंगला लावू नका आणि चालूही करू नका.

## टप्पा १०: टक्के खरोखरच कमी पडले तर

१५ च्या खाली आणि ठरवलेला चार्जर बंद. वेग ६०-६५ वर आणा, डाव्या लेनमध्ये राहा, काचा वर ठेवून एसीचं तापमान वाढवा किंवा तो बंद करा. नकाशावर पुढचा चार्जर उंचीवर आहे की खाली, ते बघा. एक चार्जर ३०० मीटर वर असेल आणि दुसरा त्याहून दहा किलोमीटर लांब पण सपाटीवर असेल, तर टक्क्यांच्या हिशेबात वरचा चार्जर जवळ नसतो. ७ च्या खाली गेलात आणि तो गाठणं शक्य नसेल तर पळत राहू नका. धाबा, पेट्रोलपंप, मंगल कार्यालय, जिथे १५ अँपिअरचा पॉइंट आणि सावली आहे तिथे थांबून विनंती करा. दोन तासांत सात टक्के, म्हणजे २५-२८ किलोमीटर मिळतात. थांबण्याची जागा स्वतः निवडता येते तोवर निवडा, शून्यावर ती रस्ता निवडतो.

गाडी थांबलीच तर कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करताना पहिल्याच वाक्यात 'सपाट पाट्याचा ट्रक' किंवा 'फ्लॅटबेड' हवा असं सांगा आणि बॅटरी संपली आहे हेही सांगा. दोन चाकं उचलून किंवा दोरी बांधून ओढायला दिलं तर जमिनीवर फिरणारी चाकं मोटरला फिरवतात, ती वीज तयार करते आणि इन्व्हर्टर जळू शकतो. ट्रकवर चढवण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये कशी टाकायची ते पुस्तिकेत बघा. १२ व्होल्टची छोटी बॅटरीही उतरली असेल तर हँडब्रेक सुटत नाही, म्हणून मदत येईपर्यंत दिवे, गाणी, पडदा सगळं बंद ठेवा.